कमी पैशात घराची डागडुजी: परभणीच्या उन्हात, पावसात आणि काळ्या मातीत आधी काय करायचं?

दिवाळीच्या तोंडावर हॉलला रंग दिला. चार पाहुण्यांनी कौतुक केलं. पुढच्या श्रावणात त्याच भिंतीला खालून ओल चढली, पोपडे निघाले आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा रंगाचा डबा आणला.

परभणी जिल्ह्यात हे चक्र बऱ्याच घरांत दरवर्षी फिरतं. दोष रंगाचा नसतो, रंगाच्या मागे पाणी तसंच राहिलेलं असतं. बजेट कमी असलं की आपण डोळ्यांना खुपतं ते आधी दुरुस्त करतो आणि घराला आतून खातं ते पुढच्या वर्षावर ढकलतो. थोड्या पैशांत घर सुधारायचं असेल तर स्वस्त माल शोधण्याआधी कामाचा क्रम ठरवावा लागतो. तो क्रम असा: आधी जिवाचा धोका, मग पाणी, मग ऊन आणि सगळ्यात शेवटी रंग.

यातलं काय घरच्या घरी करता येतं, कशासाठी गवंडी किंवा वायरमन लागतोच आणि कोणतं काम कोणत्या महिन्यात करायचं, ते पाहू.

परभणीच्या घराला त्रास कशाचा?

तीन गोष्टींचा. पहिली ऊन. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो आणि कडक उन्हाळ्यात ४५ च्याही पुढे. दुसरी पाऊस. आठ महिने तापून तडकलेल्या गच्चीवर तो जूनमध्ये एकदम कोसळतो. तिसरी गोष्ट पायाखाली आहे, ती म्हणजे काळी माती.

कापसाला ही माती चांगली, घराला मात्र अवघड. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. तीच माती घराच्या पायाखालीही दरवर्षी फुगते आणि आकसते. सेलू, मानवतपासून पूर्णा, पालमपर्यंत नव्या घरांच्याही भिंतींना तडे का जातात, याचं एक मोठं उत्तर इथे आहे.

खर्चाआधी एक वही आणि एक पेन्सिल

बाजारात जाण्याआधी घराभोवती आणि गच्चीवर एक फेरी मारा. ओल कुठे आहे, भेग कुठे आहे, पावसाचं पाणी कुठे साचतं, कोणत्या स्विचला चटका बसतो, ते लिहून काढा. मोबाईलवर फोटो घ्या. मग प्रत्येक नोंदीपुढे चारपैकी एक शब्द लिहा: जीव, पाणी, ऊन किंवा शोभा. पैसे याच क्रमाने खर्च करायचे.

भेगांसाठी पेन्सिल लागते. भेग जिथे संपते तिथे आडवी खूण करून शेजारी तारीख लिहा. एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात पाहा.

- केसासारख्या बारीक, जाळीदार भेगा बहुतेक वेळा फक्त गिलाव्याच्या असतात. त्या घरी बुजवता येतात.
- उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसात मिटणारी भेग मातीच्या हालचालीची असते. तिच्यात कडक सिमेंट भरलं तर पावसाळ्यात माती फुगल्यावर ते पुन्हा फुटतं. तिथे लवचिक राहणारा क्रॅक फिलर भरावा.
- खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी आणि दरवर्षी खुणेच्या पुढे सरकणारी भेग पायाशी संबंधित असू शकते. ती इंजिनिअरला दाखवा.
- स्लॅबच्या किंवा बीमच्या खालून तांबूस डाग दिसतात, काँक्रीटचे तुकडे पडतात आणि आतला गज दिसतो, तेव्हा गज गंजलेला असतो. त्यावर नुसता गिलावा थापणं म्हणजे दुखणं झाकणं. हे घरी करायचं काम नाही.

पाणी: सगळ्यात स्वस्त दुरुस्ती घराच्या बाहेर

एक हिशेब करू. २० बाय ३० फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १,४०० लिटर पाणी जमा होतं. ते पाणी पन्हाळीतून थेट भिंतीच्या बुडाशी पडत असेल, तर प्रत्येक पावसात आपण आपल्याच पायाला पाणी पाजतो आणि काळी माती फुगवतो.

उपाय साधे आहेत:

- गच्चीवरचं पाणी पाइपने भिंतीपासून लांब सोडा. शोषखड्डा करणार असाल तर तोही पायाला चिकटून नको.
- घराभोवती अडीच-तीन फूट रुंदीचा पट्टा करा. फरशी, विटांचा चुरा, कोबा, जे परवडेल ते चालेल. उतार मात्र बाहेरच्या बाजूला हवा. भिंत आणि पट्टा जिथे मिळतात ती फट बुजवा.
- न्हाणीचं आणि भांडी घासण्याचं पाणी भिंतीलगत मुरू देऊ नका. एकाच कोपऱ्यात वर्षभर ओल आणि बाकी तीन कोपरे कोरडे, यानेच घर वाकडं बसतं.
- पिंपळ-वडाचं रोप भिंतीत उगवलं असेल तर बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा.

गच्चीसाठी सगळ्यात चांगलं हत्यार झाडू आहे. बऱ्याचदा गळती स्लॅबच्या दोषाने नाही, तर पालापाचोळ्याने तुंबलेल्या पन्हाळीमुळे सुरू होते. मे संपता संपता गच्ची झाडून पन्हाळी मोकळ्या करा. मग बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघा आणि तिथे खडूने गोल करा. त्या जागेवरच्या भेगा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात थोड्या खरवडा, धूळ पूर्ण काढा आणि मगच भेग बुजवण्याचं मटेरियल भरा. धुळीवर भरलेलं काहीही टिकत नाही. खोलगट भागात उतार करून घेणं मात्र गवंड्याचं काम. गळती नेमकी कुठून येते हे न शोधता पूर्ण गच्चीला महागडं वॉटरप्रूफिंग करणं हा सर्वांत मोठा वायफळ खर्च ठरू शकतो.

माळवद असेल तर: माती चढवू नका, आधी उतरवा

गावांत अजूनही माळवदाची, म्हणजे धाब्याची घरं आहेत. जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर माती. उन्हाळ्यात या घरांसारखा गारवा स्लॅबच्या घरात मिळत नाही. धोका वेगळाच आहे. गळलं की लोक जुन्या मातीवर नवी माती टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा.

१० बाय १२ फुटांच्या खोलीवर चार इंच माती म्हणजे जवळजवळ दोन टन वजन. पावसात भिजली की आणखी जास्त. ही माती तुमच्या झोपण्याच्या जागेवर असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं घरात झोपलेल्यांवर कोसळलं, हे त्यामागचं मोठं कारण होतं. २०२४ च्या मार्च आणि जुलैमध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के परभणीतही जाणवले. त्यामुळे हा विषय जुना झालेला नाही.

म्हणून नवी माती टाकण्याआधी तितकी जुनी उतरवा. माती काढताना खाली खोलीत कुणीही नको. तुळईचं टोक जिथे भिंतीत जातं तिथे ओल आणि वाळवी सर्वांत आधी लागते. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर ती तुळई बदलायची किंवा तिला टेकू द्यायचा. सतत पाऊस लागल्यावर भिंतीला फुगवटा दिसला, माती ढासळू लागली किंवा लाकूड करकरलं, तर सामान आवरत बसू नका. माणसं आणि जनावरं बाहेर काढा.

पत्र्याचं घर: उडू नये, तापू नये

पत्र्यावर ठेवलेले दगड हा सगळ्यात धोकादायक जुगाड आहे. अवकाळी वादळात पत्रा उडतो आणि दगड खाली येतात. पत्रा धरून ठेवायचं काम हुकांचं आणि स्क्रूंचं आहे. मे महिन्यात प्रत्येक हूक हलवून पाहा, सैल असेल तो आवळा आणि फाटलेलं वायसर बदला. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर असावं. पन्हाळीसारख्या खोलगट भागात भोक पाडलं तर तिथूनच पाणी गळणार.

पत्र्यावर चढायचं असेल तर सकाळी चढा आणि स्क्रूच्या ओळीवरूनच पाय टाका, कारण खाली आधार तिथेच असतो. सिमेंटच्या पत्र्यावर कधीही उभं राहू नका, तो अचानक तुटतो. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर घातक. असा पत्रा कोरडा घासू नका, कापू नका.

गंजलेल्या लोखंडी पत्र्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, प्रायमर मारून मग पांढरा रंग द्या. नव्या चकचकीत पत्र्यावर रंग थेट धरत नाही, जस्ताच्या पत्र्यासाठीचा प्रायमर आधी लागतो. खाली चटईचं किंवा बांबूच्या तट्ट्याचं छत करणार असाल तर पत्रा आणि छत यात हवा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवा आणि दोन्ही टोकांना ती उघडी राहू द्या. तापलेली हवा बाहेर गेली तरच फायदा. थर्मोकोल, कडबा, तुराट्या छताला लावू नका. गॅसची शेगडी आणि वायरिंग असलेल्या घरात एक ठिणगी पुरते.

ऊन: पांढऱ्या गच्चीचं गणित

काळपट स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. रात्री अकरालाही पंख्याची हवा गरम लागते ती म्हणून. ताजी पांढरी गच्ची उन्हाचा बराचसा भाग परत फेकते. अशा गच्चीखालची खोली साधारण २ ते ५ अंशांनी कमी तापते असा अनुभव आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेविरोधात कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करण्याचा कार्यक्रम घेतला. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे चुना. तो असा लावा:

१. शिमग्यानंतर गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्या.
२. बाजारात मिळणारी चुन्याची पूड वस्त्रगाळ करून दुधासारखी पातळ कालवा. हाताला पूड लागू नये म्हणून थोडा फेव्हिकॉल मिसळा.
३. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, गच्ची ओलसर करून पातळ हात द्या. पहिला हात वाळल्यावर दुसरा हात त्याला आडवा मारा. जाड एक हात दिला तर पापुद्रे निघतात, पातळ दोन-तीन हात टिकतात.
४. दुसऱ्या दिवशी हलकं पाणी शिंपडा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो.

चष्मा आणि हातमोजे घालूनच काम करा. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टरांकडे जा. चुनखडे घरी विरवू नका. ते पाण्यात उकळतात, अंगावर उडतात. गच्चीवरचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या पावसांचं पाणी सोडून द्या.

हा चुना पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी लावावा लागतो. उन्हात टिकणारा पांढरा रंग महाग पडतो, पण काही वर्षं चालतो. पैसे नसतील तर चुन्याने सुरुवात करा. थोडंही कळलं की पुढच्या वर्षी रंगावर खर्च करावा की नाही, हे तुम्हीच ठरवाल.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून शेडनेट किंवा चटई बांधा. ऊन काचेतून आत आलं की उष्णता खोलीतच अडकते, ते बाहेरच अडवलेलं बरं.

वीज: इथे जुगाड नको

उन्हाळा आला की घरोघरी कुलर बाहेर निघतात आणि कुलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्याही येतात. लोखंडी बॉडी, पाणी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला प्लग, ही सगळी कारणं एकाच ठिकाणी जमतात.

- कुलरला तीन पिनांचाच प्लग लावा. तिसरी पिन काढून टाकणं म्हणजे स्वतःचं संरक्षण काढून टाकणं.
- पाणी भरताना बटण बंद करून पुरत नाही, प्लग काढा.
- मोकळ्या वायरी आणि टेप गुंडाळलेले जोड ओल्या जागेत नकोत.
- वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळता करंट जाणवताच तो क्षणात वीज तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही.

खर्चाच्या यादीत ही ओळ रंगाच्या, पीओपीच्या आणि शोभेच्या लाइटच्या वर असली पाहिजे. वायरिंग स्वतः करू नका. बल्ब आणि पंखे बदलून मात्र बचत करता येते. ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी रोज ५ तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा रोज १२ तास चालला तर सुमारे १६ युनिट.

गळका नळ

जिथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, तिथे गळती परवडत नाही. नळाखाली एक भांडं तासभर ठेवा. पेलाभर, म्हणजे २०० मिली पाणी जमलं तरी दिवसाला जवळपास ५ लिटर आणि वर्षाला १,७५० लिटर होतात. साध्या नळाचं वायसर बदलायला पाना लागतो आणि काही मिनिटं. आधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, जुनं वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचं आणा. बोअरच्या जड पाण्याने नळाच्या जाळीवर पांढरा थर बसला असेल तर जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. धार पुन्हा मोकळी होते.

ओल, लोणा आणि मग रंग

भिंतीवर पांढरी भुकटी फुटते तो लोणा. पाणी विटांमधून वर चढतं, सोबत क्षार आणतं आणि वाळताना ते पृष्ठभागावर सोडतं. त्यावर पुट्टी आणि ऑइल पेंट मारला तर ओल आत कोंडते आणि रंगाचा थर ढकलून देते. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. बाहेरच्या पाण्याची वाट बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि खालच्या दोन-तीन फुटांना श्वास घेणारा चुन्याचा रंग द्या.

खरा घोळ तारखेचा आहे. पाऊस संपल्यावर भिंती वाळायला महिने लागतात आणि दिवाळी त्याआधीच येते. म्हणून ओल्या भिंतीला दिवाळीत फक्त चुन्याचा हात द्या, पक्का रंग संक्रांतीनंतर करा. मजूर आणि रंगारीही तेव्हा निवांत असतात.

रंगाचा अंदाज असा काढा: १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. एक दार आणि एक खिडकी वजा केली की सुमारे ४००. छत वेगळं १२०. डब्यावर किती चौरस फूट कव्हर होतं ते लिहिलेलं असतं. मोजून गेलात की दुकानदार सांगेल तेवढं घ्यावं लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

- मार्च: पाहणी, गच्चीला चुना, कुलरचं अर्थिंग.
- एप्रिल-मे: गच्चीच्या भेगा, पत्र्याचे हूक, माळवदाचं ओझं, घराभोवतीचा पट्टा.
- मृगाच्या आधी: पन्हाळी साफ, पाइप जोडलेले.
- पहिला मोठा पाऊस: घरात फिरून कुठे ठिबकतं ते वहीत लिहा.
- सप्टेंबर: भेगांच्या खुणा पुन्हा तपासा.
- जानेवारी-फेब्रुवारी: रंग.

नवं घरकुल बांधत असाल तर

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं अनुदान हप्त्यांनी मिळतं आणि घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरलेलं आहे. एवढ्या पैशात सगळं बसत नाही, म्हणून काही तरी मागे ठेवावं लागतं. मागे ठेवता येतं ते ठेवा: टाइल्स, पुट्टी, कंपाउंड. पाया, जोत्याची उंची, गच्चीचा उतार आणि वायरिंगमधलं अर्थिंग नंतर करता येत नाही, किंवा करायला दुप्पट पैसे लागतात.

ड्रिल मशीन, शिडी, पाणीपातळीचा पाइप प्रत्येक घरात विकत घ्यायची गरज नाही. चार शेजाऱ्यांत एक पुरतो. गवंडीही एका दिवसासाठी दोघांत बोलावला तर दोघांची किरकोळ कामं निघतात. त्याआधी वहीतली यादी तयार ठेवा, नाहीतर त्याचा अर्धा दिवस काय करायचं ते ठरवण्यात जातो.